माघार घेताना माणसे कोण मोजतो?

प्रति,
मा. संचालक,
राजस्थान पोलीस अकादमी, जयपूर



दरवर्षी 21 ऑक्टोबरच्या सकाळी आपल्या अकादमीच्या आवारात शहीद स्मारकापाशी तुकडी उभी राहते, पुष्पचक्रे वाहिली जातात आणि वर्षभरात देशात कर्तव्यावर गेलेल्या पोलिसांची नावे वाचली जातात. 1959 साली याच तारखेला लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्सला चिनी सैन्याच्या गोळीबारात दहा पोलीस पडले, त्यांच्या स्मरणाचा हा दिवस. नावे वाचणाऱ्याचा आवाज शेवटी शेवटी बसतो इतकी ती यादी लांब असते. मात्र प्रत्येक नाव एकदाच वाचले जाते. पुढच्या ऑक्टोबरात नवी यादी येते आणि जुनी फाइलला लागते. दिल्लीत चाणक्यपुरीला 2018 मध्ये राष्ट्रीय पोलीस स्मारक उभे राहिले, तेव्हाच तिथल्या भिंतीवर 34 हजारांहून जास्त नावे होती. एवढ्या नावांपुढे उभा राहिलेला माणूस एखादे नाव वाचतो आणि पुढे सरकतो, त्यात त्याची चूक नाही.

मला यातल्या एकाच नावाबद्दल लिहायचे आहे. हे नाव 2011 सालचे आहे. पत्राची हिंदी प्रत आपल्या कार्यालयाकडे वेगळी पाठवतो आहे. मराठीत लिहिण्याचे कारण असे की जयपुरात राहून मी ज्यांच्यासाठी लिहितो त्या वाचकांना हे नाव ठाऊक नाही, आणि ज्या वर्षी ते घडले त्याच वर्षी त्यांच्याही राज्यात जवळजवळ तसेच घडले होते. ते पुढे सांगतोच.

मुंबईहून जयपूरला येणारी सुपरफास्ट कोटा सोडल्यावर सवाई माधोपूरला थांबते. रणथंबोरला जाणारी बरीच मराठी कुटुंबे तिथेच उतरतात. स्टेशनच्या भिंतींवर वाघ, हरणे, पक्षी रंगवलेले आहेत, पोरे त्यांच्यापुढे फोटो काढतात. या स्टेशनकडच्या वस्तीचे नाव मानटाउन. फूल मोहम्मद हे मानटाउन ठाण्याचे प्रमुख होते, तिकडच्या बोलीत ‘सीआय साहेब’. मूळ गाव सीकर जिल्ह्यातले खीरवा, म्हणजे शेखावाटी, जिथे गावोगाव फौजेत गेलेल्यांची घरे आहेत. 17 मार्च 2011 रोजी ते सुरवाल गावात बंदोबस्ताला होते. वाघ पाहून झालेल्या पर्यटकाला गाइड कधीकधी याच सुरवालच्या तलावावर पक्षी पाहायला नेतो. बाजूच्या गावात काय झाले ते तो सांगत नाही, आणि त्याने तरी ते का सांगावे?

त्या 17 मार्चच्या काही आठवडे आधी तिथे एका बाईचा खून झाला होता. पूर्व राजस्थानातल्या खेड्यांत बायकांच्या पायांत चांदीची जाडजूड कडी असतात. वर्षानुवर्षे पायात राहून ती घोट्यावर इतकी घट्ट बसतात की ओढून निघत नाहीत. मारेकऱ्यांनी त्या कड्यांसाठी तिचे पाय तोडून नेले. गुन्हेगार सापडत नव्हते, गाव तापले होते. त्या दिवशी दोन तरुण पेट्रोल घेऊन पाण्याच्या टाकीवर चढले. आमच्याकडे वार्ताहर याला ‘शोले स्टाइल आंदोलन’ म्हणतात आणि बातमी बहुधा हसत हसत लिहितात, कारण बहुधा तहसीलदार येऊन आश्वासन देतो, गडी खाली उतरतो आणि चहा पितो. सुरवालला एकाची समजूत घालून त्याला खाली आणले. दुसऱ्याने पेटवून घेऊन उडी टाकली आणि तो मेला. खाली गाव उभे होते. पुढची काही मिनिटे दगडांची होती. पोलीस मिळेल त्या वाटेने जीव वाचवून निघून गेले. दगड लागून जखमी झालेले फूल मोहम्मद जीपमध्येच राहिले, आणि जमावाने ती जीप पेटवून दिली.

राज्य सरकारने त्यांना शहीद म्हणून जाहीर केले. तपास सीबीआयकडे गेला, 89 जणांवर आरोप ठेवले गेले. काही आरोपी खटला चालू असतानाच वारले. नोव्हेंबर 2022 मध्ये, घटनेनंतर 11 वर्षे 8 महिन्यांनी, सवाई माधोपूरच्या विशेष न्यायालयाने 49 जणांना निर्दोष सोडले आणि 30 जणांना जन्मठेप दिली. त्या 30 जणांत एक त्या वेळचे पोलीस उपअधीक्षक होते. अपिलात जे व्हायचे ते होईल, त्यावर मी बोलणार नाही. पण खालच्या न्यायालयाने आपल्याच खात्यातल्या एका वरिष्ठाला जमावाच्या ओळीत बसवले, ही गोष्ट आपल्या आवारात शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला कळायला हवी. बातमी म्हणून त्यांना ती कळतेच, फोनवर सगळे असते. धडा म्हणून ती त्यांना कोण सांगतो, हा माझा प्रश्न आहे.

आता मनमाडचे. सुरवालच्या आधी दोन महिनेही झाले नव्हते. 25 जानेवारी 2011 रोजी मालेगावचे अप्पर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे मनमाडजवळच्या पानेवाडीत इंधन भेसळ होताना दिसली म्हणून थांबले. तेल कंपन्यांचे डेपो तिथेच आहेत, टँकरमधले इंधन चोरून त्यात रॉकेल मिसळण्याचा धंदा त्या पट्ट्यात उघड होता. त्यांना तिथेच जिवंत जाळले. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. मग महाराष्ट्रभर सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवले आणि भेसळवाल्यांवर छापे पडले. काही आठवडे सगळे जागे होते. सोनवणे पोलीस नव्हते, पण गावाकडे कायदा म्हणजे नेमके कोण, हे खाकीवरून ठरत नाही. आमच्याकडे 1967 च्या कायद्याने नेमलेला पोलीस पाटील असतो, गावातलाच, गणवेश नसलेला. गडचिरोलीत असे पोलीस पाटील नक्षलवाद्यांनी मारले. तलाठी, वनरक्षक, वाळूच्या ट्रकपुढे उभा राहणारा नायब तहसीलदार, हे सगळे त्याच रांगेतले. यांच्यात समान गोष्ट एकच. मदत यायला शहरात दहा मिनिटे लागतात, इथे तास लागतो, आणि समोरचा माणूस यांना नावाने ओळखतो.

दोन महिन्यांच्या आत दोन राज्यांत दोन अधिकारी जळून गेले. महाराष्ट्रात सोनवणे अजून थोडेफार आठवतात, निदान भेसळीची बातमी आली की नाव निघते. फूल मोहम्मद यांचे नाव जयपुरातच किती जणांना सांगता येईल? मी विचारून पाहिले आहे. थोडे वय असलेले म्हणतात, ‘हां, वो सीआई वाला कांड,’ आणि थांबतात. फतेहपूरचे ठाणेदार मुकेश कानूनगो आणि शिपाई रामप्रकाश यांना 2018 च्या ऑक्टोबरात गुंडांनी गोळ्या घातल्या, ते मात्र लोक भराभर सांगतात. मला वाटते याचे कारण सरळ आहे. गुंड मारतो तेव्हा गोष्ट सांगायला सोपी जाते. हॉट स्प्रिंग्सची गोष्टही सोपी आहे, समोर शत्रूचे सैन्य होते. सुरवालला समोर गाव होते, ज्याची मुळातली तक्रार खरी होती, ज्याचा एक मुलगा डोळ्यांदेखत जळून पडला होता, आणि ज्याची मते कोणाला तरी हवी होती. आणि पाठीमागे, जिथे आपले लोक असायला हवेत, तिथे कोणी नव्हते. असली गोष्ट भाषणात बसत नाही. मग तिचे ‘सर्वोच्च बलिदान’ होते आणि काम भागते.

पण बलिदान म्हणजे माणसाने दिलेली गोष्ट. फूल मोहम्मद यांनी त्या दिवशी काय द्यायचे ठरवले होते, हे आपल्याला कसे कळणार? ते जखमी होते आणि जीपमध्ये होते, एवढे कळते. त्यांना तिथून काढले गेले नाही, एवढे कळते.

तुकाराम ओंबळे यांची गोष्ट याच्या अगदी उलट आहे, म्हणून इथे काढतो. साताऱ्याकडच्या केडंब्याचा हा सहायक फौजदार 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर हातात फक्त लाठी घेऊन होता, आणि त्याने दहशतवादी कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली. महाराष्ट्रातल्या शाळकरी पोराला हे माहीत आहे. ओंबळ्यांना अशोकचक्र मिळाले, पुतळा झाला, पुढे 2021 मध्ये ठाणे परिसरात सापडलेल्या उडी मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीला संशोधकांनी त्यांचे नाव दिले. (पुतळ्यापेक्षा हा कोळी मला जास्त आवडतो, तो पुढाऱ्याच्या सवडीची वाट पाहत नाही.) ओंबळे लोकांच्या मनात राहिले ते पदकाने नव्हे. त्यांनी नेमके काय केले हे सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यांनी नळी धरली तेव्हा सोबतचे पोलीस जागेवर होते, त्यांनी कसाबला जिवंत पकडले, हेही माहीत आहे. त्या रात्रीचा प्रत्येक क्षण सांगितला गेला. सुरवालच्या त्या काही मिनिटांचे तसे कोणी सांगत नाही.

लंडनच्या पोलिसांवर असाच प्रसंग आला होता. 6 ऑक्टोबर 1985 रोजी टॉटनहॅमच्या ब्रॉडवॉटर फार्म वस्तीत दंगल पेटली. आदल्या दिवशी पोलीस एका घराची झडती घेत असताना घरातली बाई कोसळून मेली होती. म्हणजे तिथेही सुरुवात एका बाईच्या मरणाने आणि पोलिसांवरच्या रागाने झाली. आग विझवायला आलेल्या बंबवाल्यांना संरक्षण द्यायला एक सार्जंट आणि अकरा शिपायांची तुकडी आत गेली, जमाव अंगावर आला, सगळे मागे पळाले. पळताना कीथ ब्लेकलॉक नावाचा शिपाई अडखळून पडला आणि जमावाने त्याला ठार मारले. पण त्या तुकडीचा सार्जंट डेव्हिड पेंगेली मागे वळला. एकटा जमावात घुसून त्याने लोकांना हटवायचा प्रयत्न केला. ब्लेकलॉक वाचला नाही. पेंगेलीला पुढे जॉर्ज पदक मिळाले आणि तुकडीतल्या बाकीच्यांनाही शौर्यपदके मिळाली, मागे पळालेल्यांनासुद्धा. कारण माघार घेणे हा तिथे गुन्हा ठरला नाही. त्या तुकडीला दंगलीला पुरेल असे शिक्षण आणि सामान देऊन पाठवले होते का, हा प्रश्न पोलीस खात्याने स्वतःला विचारला आणि दंगल हाताळायची सगळी पद्धत बदलायला घेतली. खटल्यात मात्र तिथे घोळ झाला. खुनासाठी तीन जणांना 1987 मध्ये जन्मठेप झाली आणि 1991 मध्ये अपिलात तिघांचीही शिक्षा रद्द झाली, पोलिसांनी लिहून घेतलेले जबाब टिकले नाहीत. आपलेच माणूस मेले की खात्याला लवकर कोणीतरी हवे असते. सुरवालच्या 49 निर्दोष माणसांकडे मी त्याही नजरेने पाहतो. त्यांच्या आयुष्यातली अकरा वर्षे कोर्टाच्या तारखांत गेली.

म्हणून माझी विनंती अशी, की सुरवाल हे प्रकरण आपल्या अकादमीत धडा म्हणून शिकवावे, आणि पूर्ण शिकवावे. पुष्पचक्राच्या वेळी सांगतात तसे सांगू नये.

हा धडा टाकीपासून सुरू करू नये. बाईचा खून झाला त्या दिवसापासून तो सुरू करावा. खेड्यात खून झाला की घरचे माणूस दर दोन-चार दिवसांनी ठाण्यात येते आणि दारातल्या शिपायाला विचारते, ‘साहेब, तपास कुठवर आला?’ त्याला ‘चालू आहे’ एवढेच उत्तर मिळते. मी ठाण्यांच्या व्हरांड्यात बसून हे उत्तर इतक्या वेळा ऐकले आहे की ते देणाऱ्याचा आवाजही पाठ झालाय. तपासाचे गुपित फोडू नये हे बरोबर, पण अमुक माणसाला विचारले, अमुक सोनाराकडे जाऊन आलो, चांदी कुठे गेली ते शोधतोय, एवढे सांगितल्याने कुठला तपास फसतो? लोक टाकीवर चढतात ते बहुतेकदा खाली कोणी ऐकत नाही म्हणून. टाकीवरच्या माणसाशी बोलायचे कसे, खाली जाळी कधी धरायची, अग्निशमन दलाला कधी बोलवायचे, वर पेट्रोल असेल तर शिडीवर कोणाला पाठवू नये, हे शिकवता येते. आपल्याकडे हे काम बहुधा मिळेल त्या जमादाराच्या जिभेवर सोपवले जाते.

मग जमावाचे. ठाणेप्रमुखाला बेकायदा जमाव पांगवायचा अधिकार आहे. तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेचे 129 वे कलम होते, आता नव्या संहितेत ते 148 वे आहे. कागदावर अधिकार आहे, पण तो वापरायला सुरवालला कोणाचा हात धजावला असता? 2007 आणि 2008 च्या गुर्जर आंदोलनांत राजस्थानात पोलीस गोळीबारात माणसे मेली, त्यावर सरकार हलले, चौकशा झाल्या. त्यानंतर तीनच वर्षांनी एका गावाच्या जमावापुढे उभ्या असलेल्या अधिकाऱ्याच्या डोक्यात तेच असणार. गोळी झाडली तर चौकशी होणार आणि नाही झाडली तर दगड येणार. गोळीबार व्हायला हवा होता असे मला मुळीच म्हणायचे नाही, झाला असता तर आणखी पाच-दहा प्रेते पडली असती आणि मी आज वेगळे पत्र लिहीत असतो. पण गोळी आणि पळ यांच्या मधे बरेच काही असते. ढाली, अश्रुधूर, गाड्या कुठे लावायच्या, तोंड कुठल्या दिशेला ठेवायचे, मागचा रस्ता कोणी मोकळा ठेवायचा. मागे जाणे हेही एक काम आहे आणि ते सरावाने येते. आपल्या मैदानावर पुढे चाल करण्याची कवायत रोज होते. मागे येण्याची किती वेळा होते?

आणि मागे येताना माणसे कोण मोजतो? डोंगरात जाणाऱ्या साध्या ट्रेकिंग ग्रुपमध्ये शेवटी चालणारा एक जण ठरवलेला असतो. आगीत शिरणाऱ्या बंबवाल्यांची बाहेर हजेरी होते. सुरवालला जे पोलीस गावाबाहेर पोहोचले त्यांच्यातल्या कोणी, ‘सीआय साहेब कुठे आहेत?’ असे विचारले का, आणि विचारले तर पुढे काय झाले? हा प्रश्न कुणाला भित्रा ठरवण्यासाठी नाही. दगडांच्या पावसात पळणारा शिपाई माझ्यापेक्षा भित्रा आहे असे मी म्हणू शकत नाही. पण मोजायची जबाबदारी कोणाची, हे आधी ठरलेले नसेल तर ऐन वेळी ती कोणाचीच नसते.

आपल्याकडून एक आक्षेप येईल याची मला कल्पना आहे: भरती झालेल्या पोरांना असे शिकवले तर त्यांचे मनोधैर्य खचेल. जरा त्या पोरांकडे पाहा. अलवर, दौसा, करौली, नागौरकडची ही मुले दोन-तीन वर्षे जयपुरातल्या गोपालपुऱ्यात खोली घेऊन परीक्षेची तयारी करत होती. त्यांच्यातल्या काहींची गावे सुरवालसारखीच आहेत, काहींच्या नात्यातले लोक अशाच जमावात उभे राहिलेले असतील. त्यांना सगळे माहीत आहे. खात्याने आपल्याशी खरे बोलावे, एवढेच त्यांना अजून अनुभवायचे आहे. 2021 च्या एप्रिलमध्ये भीलवाड्यात डोडाचुऱ्याच्या, म्हणजे अफूच्या बोंडांच्या भुशाच्या, तस्करांनी दोन शिपाई मारले, 2023 च्या ऑगस्टमध्ये दौशाजवळ चोरांचा पाठलाग करताना गोळी लागलेला शिपाई प्रल्हाद सिंह इथल्याच एसएमएस रुग्णालयात वारला. या बातम्या वाचून ही पोरे फॉर्म भरतात. त्यांचे धैर्य आपल्या धड्याने खचणार नाही.

धडा तयार करायला लागणारे सगळे कागद आहेत. सीबीआयचे आरोपपत्र आहे, निकालपत्र सवाई माधोपूरच्या न्यायालयात आहे, त्यात साक्षी आहेत, वेळा आहेत. त्या दिवशी तिथे असलेले बरेच पोलीस आता निवृत्त झाले असतील. त्यांच्यातल्या एकदोघांना वर्गात बोलवा, त्यांना दोष न देता बोलू द्या. सुरवालच्या गावकऱ्यांनाही बोलवता आले तर उत्तमच, पण तेवढी अपेक्षा मी आज करत नाही. धडा आधी लिहिला जावा आणि येत्या तुकडीपासून त्यावर परीक्षेत एक प्रश्न असावा. पहिला प्रश्न मी वर दिलेलाच आहे.

कळावे.

आपला,
जयपुरातला एक मराठी रहिवासी